पैसे शेतकऱ्याचे, मग शेतकरी कोण?

(संघटनेच्या तालुका शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी केलेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं. लिहिताना थोडं वाढवलं आहे.)



सकाळी वनहक्क कायद्यावर बोलणं झालं. आता जेवणानंतरची वेळ, डोळे मिटायला लागतात, म्हणून मला पैशाचा विषय दिला असावा. पैशाचं नाव काढलं की कोणी झोपत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या पाड्यावर बैठक होती. तिथे एका मावशीने विचारलं, "पोरी, खालच्या गावात दर चार महिन्यांनी लोकांचे मोबाइल वाजतात, दोन हजार जमा झाले म्हणतात. माझा पण मोबाइल वाजतो, पण तो कंपनीवाल्याचाच असतो. मी काय शेती करत नाही?" सगळे हसले. मी पण हसले. घरी जाताना मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. मावशी पन्नास वर्षं नागली-वरई लावते आहे. तिचे हात बघा. आणि सरकारच्या कागदात ती शेतकरी नाही. आज मी एवढंच बोलणार आहे, की हे कसं काय झालं.

आधी पैसे कोणते ते सांगते. एक आहे प्रधानमंत्री किसान सन्मान निधी, आपण पीएम किसान म्हणतो. ही योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, थेट बँकेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याच्यावर नमो शेतकरी महासन्मान निधी आणला, तेही वर्षाला ६,०००. ज्याचं नाव केंद्राच्या यादीत त्यालाच राज्याचे. म्हणजे एकदा यादीत गेला की वर्षाला १२,०००, आणि बाहेर राहिला की दोन्हीकडून बाहेर.

कोणी म्हणेल, दोन हजारात काय होतं. आमच्या घरचं सांगते. आई जूनमध्ये बी आणि खत दुकानदाराकडून उधार आणते. दिवाळीनंतर भात देऊन फेडते. दुकानदार भाव लावतो तो त्याचा, माप त्याचं. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी भावाने २६६ रुपये ५० पैशाला आहे, पण उधारीवर नेणाऱ्याला तो भाव कोण देतं? पेरणीच्या आधी हातात दोन हजार रोख असते तर आई त्या दुकानाची पायरी चढली नसती. दोन हजाराची किंमत ही अशी आहे. ज्याच्याकडे बागाईत आहे त्याला त्याचं काही वाटणार नाही.

आता बागाईतवाल्याचा विषय निघालाच आहे. आपल्यातले बरेच जण दिवाळीनंतर दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला जातात. मी पण बारावीच्या सुट्टीत गेले होते. सुरुवातीला ही योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. २०१९ मध्येच ती अट काढली. आता जमीन कितीही असो, नावावर आहे ना, मग पैसे. इन्कम टॅक्स भरणारा, सरकारी नोकरीवाला, दहा हजाराच्या वर पेन्शनवाला, असे लोक वगळले आहेत. चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी चालतात. पण जमिनीचं वरचं माप नाही. म्हणजे ज्याच्या मळ्यात आपण डिपिंग आणि छाटणी करतो त्याला टॅक्स लागत नसेल तर तो 'सन्मान' घेतो, आणि मळ्यातून घरी येऊन जो स्वतःच्या दीड एकरात नागर धरतो त्याला सन्मान नाही. मळेवाला वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. गारपीट झाली की तो पण रडतो, मी बघितलं आहे. पण योजना कष्टाला पैसे देत नाही, सातबाऱ्यावरच्या नावाला देते. दुसऱ्याची जमीन अर्धलीने करणारा असेल तर त्याला पण काही नाही, पैसे मालकाच्या खात्यात.

आणि आपला सातबारा काय म्हणतो? आपल्या प्लॉटचा उतारा काढा. वर कब्जेदार कोण? वनविभाग. आपलं नाव लागलंच तर खाली, इतर हक्कात. कित्येकांचं तिथे पण नाही. पट्टा फक्त घरात पेटीत.

आमच्या घराचं उदाहरण देते, कारण ते मला पाठ आहे. प्लॉट आजोबांनी काढला. फॉरेस्टवाले यायचे, बैल हाकलायचे, दंड करायचे. आजी हुशार, तिने दंडाच्या पावत्या टाकल्या नाहीत, मडक्यात ठेवल्या. कायदा आला तेव्हा त्याच पावत्या पुरावा झाल्या. (पावत्या ज्यांनी चुलीत घातल्या त्यांना आज विचारा.) २००९ मध्ये दावा टाकला. बाबा सांगतात की तेव्हा मी दुसरीत होते आणि मोजणीच्या दिवशी शाळा बुडवून साखळी धरायला गेले होते. दाव्याला उत्तर नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लाँग मार्च गेला, त्यात आई होती. मी त्या वर्षी दहावीला होते, म्हणून मला नेलं नाही. शेवटच्या रात्री मोर्चा झोपला नाही, रातोरात चालून आझाद मैदानावर गेला, कारण सकाळी मुंबईच्या मुलांचे दहावीचे पेपर होते. आई आल्यावर मला म्हणाली, "त्यांच्या पोरांच्या परीक्षेसाठी आम्ही रात्री चाललो, तू तुझा पेपर नीट लिही." तिच्या पायाचे फोड महिनाभर गेले नाहीत.

पट्टा मिळाला २०२१ मध्ये. कसतो साडेतीन एकर, पट्टा आला एक एकर दहा गुंठ्यांचा. ते वेगळं भांडण आहे, त्यावर उद्या बोलणं आहे.

पट्टा हातात आल्यावर बाबांनी पीएम किसानचा अर्ज टाकला. सहा महिने काही नाही. मग मी गेले. टेबलावरचे साहेब नीट बोलले, ओरडले वगैरे नाहीत. कॉम्प्युटरवर बघून म्हणाले, "ताई, तुमची जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आली आहे. त्यानंतर आलेली जमीन चालत नाही. फक्त वारसाने आली असेल तर चालते."

हा नियम खरा आहे, साथींनो. त्यांनी मनाने सांगितलं नाही. योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे. एकाच जमिनीचे तुकडे पाडून घरातल्या दहा जणांनी पैसे घेऊ नयेत म्हणून अशी तारीख ठेवली असेल, हे मला कळतं. पण आपण जमीन विकत घेतली का? बक्षीस मिळाली का? तुकडे पाडले का?

मी तिथे गप्प बसून परत आले. बोलता आलं नाही. एसटीत बसल्यावर सुचलं, नेहमीसारखं. आणि जे सुचलं ते तुम्ही पाठ करा, म्हणजे तुम्हाला टेबलासमोरच सुचेल.

वनहक्क कायद्याचं पूर्ण नाव बघा. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी वनहक्क मान्यता कायदा, २००६. शब्द 'मान्यता' आहे. सरकारने जमीन दान दिली असं कुठेच लिहिलेलं नाही. हक्क होता, तो मान्य केला. आणि कधी ताबा होता त्याला? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून. त्या तारखेला जो कसत नव्हता त्याला पट्टा मिळूच शकत नाही. म्हणजे ज्याच्या हातात पट्टा आहे, मग त्यावर कलेक्टरची सही २०२१ ची असो की २०२४ ची, तो २००५ च्या आधीपासूनचा शेतकरी आहे. आणि हे तर तीन सरकारी अधिकाऱ्यांनी सही करून सांगितलं आहे. २०१९ च्या तारखेच्या आत आपण तेरा वर्षं आधीच बसलो. उशीर कोणी केला? दावा २००९ चा, पट्टा २०२१ चा. बारा वर्षं फाईल त्यांच्याकडे होती, आणि उशिराचा दंड आपल्याला.

हे आपलं म्हणणं आहे. ते लेखी मांडायचं, आणि उत्तर पण लेखी मागायचं. तोंडी 'नाही' घेऊन घरी यायचं नाही, मी आले तसं. आपल्याच तालुक्यात काही पट्टेधारकांना हप्ते येतात. म्हणजे पट्टेवाल्यांना बंदी आहे असं नाही. ज्यांना येतात त्यांनी लपवू नका, तुमचा कागद दुसऱ्याला पुरावा म्हणून लागेल.

दुसरा कायद्याचा मुद्दा. २०१२ मध्ये वनहक्क नियम सुधारले. त्यातला नियम १२-अ सांगतो की पट्टा दिल्यावर महसूल आणि वनविभागाने शेवटचा नकाशा करायचा आणि आपला हक्क दोन्हीकडच्या दप्तरात लावायचा, जास्तीत जास्त तीन महिन्यांत. तीन महिने! इथे हात वर करा, कोणाचं तीन महिन्यांत झालं? (एकही हात वर आला नाही.) आणि नियम १६ सांगतो की ज्यांचे हक्क मान्य झाले त्यांच्यापर्यंत जमीन सुधारणेच्या, उत्पन्न वाढवायच्या, उपजीविकेच्या सगळ्या सरकारी योजना पोचवणं हे सरकारचं काम आहे. आपण विनंती अर्ज लिहितो ना, 'तरी साहेबांनी मेहरबानी करून' वगैरे, ते बंद करा. 'नियम १६ प्रमाणे' असं लिहा.

आता भाताचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण दोन हजारापेक्षा मोठी लूट इथे आहे आणि ती आपल्या डोळ्यासमोर होते.

२०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. आपल्या भागात खरेदी आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर होते. पण केंद्रावर भात घालायला आधी नोंदणी लागते, आणि नोंदणीला सातबारा आणि त्यावर पिकाची नोंद. काही ठिकाणी पट्ट्यावर नोंदणी करून घेतात, आमच्याकडच्या केंद्रावर सातबाराच पाहिजे म्हणाले. पट्टेवाला मग काय करणार? व्यापारी टेम्पो घेऊन पाड्यावर येतो. आमच्याकडे त्या वर्षी १,८०० ने नेलं. रोख दिले, गोड बोलला. आई म्हणाली बरं झालं, वाहतूक वाचली.

मग तेच भात कुठे गेलं? खालच्या गावातल्या कोणाच्या तरी सातबाऱ्यावर केंद्रावर गेलं. क्विंटलमागे पाचशे रुपये तिथेच राहिले. दहा क्विंटल घातलं असेल तर पाच हजार. पण हे पण सोडा. राज्य सरकार भाताला बोनस देतं. आधी तो क्विंटलवर होता, आता हेक्टरवर आहे. हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला. म्हणजे ज्याने सातबारा दिला त्याला चाळीस हजारापर्यंत बोनस. भात कोणाचं? आपलं. आवण्या कोणी केल्या? आपल्या बायांनी, गुडघाभर चिखलात. बोनस त्याचा. आणि सरकारच्या आकड्यात काय दिसतं? त्या गावाने भरपूर भात पिकवलं, आणि आपल्या पाड्यांनी काहीच पिकवलं नाही. उद्या कोणी विचारलं की या लोकांना जंगलात शेतीला जमीन कशाला पाहिजे, हे तर काही पिकवत नाहीत, तर कागद त्यांच्याच बाजूने बोलेल. आपलं भात चोरून नेलं आणि वर आपणच आळशी ठरलो.

म्हणून ई-पीक पाहणीची नोंद सोडू नका. मोबाइलवर आपला गट नंबर घेत नसेल तर तसाच फोटो काढून ठेवा आणि तलाठ्याकडे लेखी द्या की नोंद होत नाही. अवकाळीने नुकसान झालं तर पंचनामा पण याच नोंदीवर अडतो.

कर्जमाफीचं एका दमात सांगून टाकते. २००८ ला केंद्राची झाली, २०१७ ला राज्याची, २०१९ ला परत राज्याची. आपल्या पाड्यावर तिन्ही वेळा पेढे वाटायचं कारण झालं नाही. बँकेने आपल्याला कर्जच दिलं नव्हतं, माफ काय करणार? आपलं कर्ज वहीत असतं, दुकानदाराच्या.

मात्र सरकारला आपण सापडत नाही असं नाही हां. २०२० मध्ये लॉकडाऊननंतर खावटी अनुदान जाहीर झालं, कुटुंबाला ४,०००, त्यात दोन हजार खात्यात आणि दोन हजाराचं धान्य-तेल वगैरे सामान. तेव्हा पट्टेधारकांची कुटुंबं पण यादीत धरली होती. खावटी वाईट नाही, पावसाळ्यात चूल पेटली. पण मला त्यात एक बोचतं. उपाशी म्हणून आपली यादी महिन्या-दोन महिन्यांत होते. शेतकरी म्हणून यादी करायची म्हटलं की गट नंबर सापडत नाही.

बायांसाठी एक. कायद्यात लिहिलं आहे की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा. तो विकता येत नाही, वारसाला जातो. पीएम किसानमध्ये मात्र नवरा, बायको आणि लहान मुलं मिळून एकच कुटुंब, एकच हप्ता, आणि तो कोणाच्या खात्यात जातो हे सांगायला नको. माझी एक आत्या आहे. काकांच्या नावाने हप्ता येत होता. काका वारले. आत्याने कोणाला सांगितलं नाही, हप्ता येत राहिला, तिला वाटलं आपलाच आहे. मग नोटीस आली की मयताच्या नावाने घेतलेले पैसे परत भरा. आत्या रात्रभर झोपली नाही, तिला वाटलं पोलीस येणार. तिचं नाव पट्ट्यावर पहिल्या दिवसापासून होतं! वारस नोंद वेळेत लावली असती तर तिचा हक्काचा हप्ता तिला सुरू झाला असता. आमच्या घरात बारावी शिकलेली मी बसले होते आणि मला हे सुचलं नाही. म्हणून सांगते, घरात कोणी गेलं की दहाव्याच्या आधी नको, पण तेराव्यानंतर लगेच तलाठ्याकडे जायचं. सासू-सून, दीर-भावजय भांडणं नंतर करा.

आपल्यातल्या चुका पण बोलायला पाहिजेत. नाव लावून देतो म्हणून पाचशे-पाचशे घेणारे एजंट बाहेरचे नाहीत, आपल्याच पाड्यातले आहेत. एक-दोन जण इथे बसले पण असतील. नोकरीला लागूनही हप्ता घेणारे आहेत. त्यांची वसुली निघाली की साहेब सगळ्या पाड्याकडे चोर म्हणून बघतो. केवायसी आणि आधारचा घोळ वेगळाच. म्हाताऱ्यांचा अंगठा उमटत नाही, रेघा कामाने गेल्या आहेत. पैसे आधार ज्या खात्याला जोडलं आहे तिथे जातात, ते खातं कुठलं हेच काहींना माहीत नाही. हे काम तरुण पोरांनी करायचं. रील बघायला नेट आहे तर याला पण आहे.

काल रात्री शेकोटीजवळ एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "बाई, या दोन हजाराच्या मागे लागू नको. हे मतासाठी टाकलेले दाणे आहेत. कोंबड्या दाणे टिपायला लागल्या की लढाई विसरतात." मी त्यांना मान देते, त्यांनी जेल बघितली आहे. त्यांची भीती खोटी नाही. आमच्या पाड्यावर असंच झालं. काहींना पट्टे मिळाले, काहींचे दावे फेटाळले. ज्यांना मिळाले ते बैठकीला यायचे कमी झाले. आता हप्ते यायला लागले तर उरलेले पण कमी होतील, असं त्यांना वाटतं.

पण काका, मी तुम्हाला काल उत्तर दिलं नाही ते आज देते. दाणे टिपणं वेगळं आणि मालक म्हणून नाव लावणं वेगळं. बी-खताला, भातविक्रीला, नुकसानीला, प्रत्येक वेळी तेच विचारतात, दप्तरात नाव कुठे आहे? ते नाव एकदा शेतकरी म्हणून लागलं की उद्या रस्ता येवो, धरण येवो, रोपवनाचे खड्डे येवोत, आपण मोकळ्या जंगलातले अतिक्रमणवाले राहत नाही. मला हप्ता त्यासाठी पाहिजे. दोन हजार पण पाहिजेत, खोटं कशाला बोलू.

आणि ज्यांचे दावे अडकलेत किंवा फेटाळलेत त्यांना सोडून ही यादी करायची नाही. फेटाळताना लेखी कारण देणं बंधनकारक आहे, आणि दाव्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून उठवता येत नाही, हे सकाळी झालंच आहे. आपली यादी एकच असेल, पूर्ण पाड्याची.

तर काम काय ते सांगते आणि बसते. येत्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक पाड्यावर एक वही करायची. त्यात घरवार लिहायचं: कसतो किती, पट्टा किती आणि कोणत्या तारखेचा, दावा कोणत्या साली टाकला, उताऱ्यावर नाव कुठे लागलं, हप्ता येतो का, आणि मागच्या वर्षी भात कोणाला आणि काय भावाने घातलं. शेवटचं नक्की लिहा, लाजू नका. त्या वहीवरून ग्रामसभेचा ठराव होईल आणि मग सगळे मिळून तहसीलला जाऊ. एकट्याने जायचं नाही. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का मारून पोच घ्यायची.

संध्याकाळी पाच वाजता मी आणि आणखी दोघी शाळेच्या ओट्यावर बसणार आहोत. ज्यांनी पट्टा आणला असेल त्यांनी झेरॉक्स घेऊन या, आजच लिहायला सुरुवात करू. मूळ पट्टा कोणाच्या हातात देऊ नका. माझ्या पण नाही.

जोहार. जिंदाबाद.